मेसाईच्या नावाचा कोंबडा

मुक्ताबाईंचा दिवस ठरलेला असे. उजाडायच्या आधी आंघोळ, देवापुढं निरांजन, तुळशीला तांब्याभर पाणी आणि मग खुराड्याची फळी काढायची. मालक गेले त्या वर्षीसुद्धा हा क्रम मोडला नव्हता. त्या सकाळी मात्र फळी तशीच ठेवून त्या ओट्यावर बसून राहिल्या, कारण वनिता येणार होती.

वनिता म्हणजे बुद्धविहाराच्या आळीतल्या भिमाबाईची सून. पशुसखीचं शिक्षण घेऊन आल्यापासून गावातल्या शेळ्या-कोंबड्यांना लस द्यायचं काम तिच्याकडं होतं. बर्फाच्या थर्मासात लस आणायची आणि ऊन चढायच्या आत संपवायची, म्हणून ती आली की बोलण्यात वेळ घालवत नसे. मुक्ताबाईंनी एकेक कोंबडी काढून द्यायची, वनितानं पंख उचलून कातडीखाली सुई द्यायची. तलंगांनी ओरडून आळी डोक्यावर घेतली. एक खुडूक बसलेली कोंबडी वनिताच्या मनगटाला चोच मारून पुन्हा आपल्या अंड्यांवर जाऊन बसली, तेव्हा दोघींनाही हसू आलं. जंताचं औषध आधीच पाण्यातून देऊन झालं होतं. खुराड्याला आतून चुना मारलेला होता. कोंबड्यांना लोळायला कोपऱ्यात राखेचा खळगा केला होता, त्यात कडुलिंबाचा पाला चुरून टाकला होता. सांगितलेलं मुक्ताबाई मनापासून करत.

सगळ्यात शेवटी वनितानं कोंबड्याकडं हात केला.

"त्याला न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या.

"कावून, काकू?"

"मेसाईच्या नावाचा हाय तो. आईच्या दारी जाईस्तोवर त्याच्या अंगाला सुई न्हाई, सुरी न्हाई. आमच्यात तसंच हाय."

वनिता थोडी घुटमळली. हाच तर गावभर हिंडतो, बाकीच्यांना टोचून याला सोडायचं म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होईल, असं तिनं समजावून पाहिलं. मुक्ताबाईंचा आवाज कधी चढत नसे, तसा आताही चढला नाही. आखाडात तर जायचंय त्याला, तेवढ्यासाठी अंगाला डाग कशाला, एवढंच त्या म्हणाल्या. वनितानं थर्मासचं झाकण लावलं. कुणाच्या देवाधर्मात ती पडत नसे.

नवस मुक्ताबाईंनीच बोलला होता. सून वनमाला दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. लेकरू बीडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, वीतभर जीव, अंगाला नळ्या. मुलगा रविराज भिंतीला टेकून उभा होता. तेव्हा दवाखान्याच्या जिन्याखाली, माणसांच्या चपलांशेजारी उभं राहून त्यांनी माळावरच्या मेसाईला हात जोडले. आई, लेकरू घरी येऊ दे, जावळाच्या दिवशी तुझ्या दारी तुऱ्याचा कोंबडा आणीन. स्वतः त्या वशाट खात नसत, पण मालकांच्या घराण्याचा देव, त्याला जे चालतं ते द्यायचं. लेकरू घरी आलं. पुढच्या उबवणीतून जे पहिलं नर पिल्लू निघालं, ते त्याच दिवशी देवीच्या नावानं सोडलं.

सोडलेलं जित्राब सगळ्या गावाचं. त्याला कुणी हाकलत नाही, कुणी डालत नाही. कोंबडा मोठा झाला तसा त्याला हे कळल्यासारखाच वागू लागला. सकाळी मारुतीच्या पारावर, दुपारी पिठाच्या गिरणीपुढं, संध्याकाळी ज्याच्या अंगणात असेल तिथंच झाडावर नाहीतर खुराड्यात. बायका त्याला पसाभर ज्वारी टाकत. भिमाबाईही टाकायची. "आला तुमच्या देवीचा पाव्हना," ती मुक्ताबाईंना चिडवायची. "आमच्याकडं नवस न्हाई, सायास न्हाई, पर ज्येवायला ह्यो रोज."

त्याच्या अंगावर उवा झाल्या होत्या, हे मुक्ताबाईंनी पाहिलं होतं. बाकीच्या कोंबड्यांना औषधाच्या पाण्यात बुडवून काढलं, तेव्हा त्याला हळदीच्या पाण्यानं पुसलं होतं. बास झालं, असं त्यांना वाटलं. भिमाबाईची खुडूक कोंबडी भरल्या अंड्यांवरून उठून गेली, पुन्हा बसेना, तेव्हा वनितानं तिचे पंख उलटून दाखवले होते. मुळाशी नुसती वळवळ. उवा खातात म्हणून कोंबडी बसत नाही, असं ती म्हणाली होती. त्या आल्या कुठून, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

आखाड लागता लागता कोंबड्यांत मानमोडी आली. आधी गिरणीपाशी एकाची पिल्लं गेली, मग भिमाबाईच्या आळीत. कोंबडी सकाळी चरत असायची, दुपारी पंख गाळून कोपऱ्यात उभी. हिरवट पांढरी हगवण, चोच उघडी, घशात घरघर. मग मान उलटी फिरायची आणि ती स्वतःभोवतीच गरगरत पडायची. लोक म्हणाले, हवा बदलली. कुणी म्हणालं, बाजारातून आणली असंल कुणीतरी. मुक्ताबाईंच्या खुराड्यात एकही पीस हललं नाही. शेजारणी म्हणाल्या, तुमच्यावर मेसाईची सावली हाय. आणि मुक्ताबाईंनाही तसंच वाटलं. संध्याकाळी दिव्याला हात जोडताना त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

मग एका सकाळी, फळी काढायला गेल्या तर कोंबडा खुराड्याबाहेर भिंतीला लागून उभा. आरवला नव्हता. तुरा काळानिळा पडलेला. त्यांनी पुढं ठेवलेल्या ज्वारीकडं त्यानं मान वळवली, आणि ती मान वळतच गेली, पाठीकडं, खाली. पाय लटपटले आणि तो एका कुशीवर पडला.

मुक्ताबाईंनी त्याला पदरात उचललं आणि गुरांच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन डालग्याखाली ठेवलं. गोठ्याचं दार लावून घेतलं.

वनमालानं ते पाहिलं. तिनं आधी लेकराला कडेवर घेतलं, मग रविराजला फोन लावला. रविराजची जीप बीडच्या फेरीवर होती. त्यानं चुलत्याला, सुंदररावांना, सांगितलं. सुंदरराव हे भावकीतले वडीलधारे, नवसासायासाचं सगळं त्यांनाच विचारून व्हायचं. ते आले, दाराच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाले, यात घाबरायचं काय. जीव हाय तोवर आईच्या दारी नेऊ. जावळ आजच काढू. रविराज दुपारपर्यंत येईल. नवस फिटल्याशी मतलब. ते नारळ आणायला आणि माणसांना सांगायला गेलेसुद्धा.

मेसाईच्या नवसाचा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. देवीपुढं कोंबडा कापायचा, खाली ओढ्यावर पिसं काढून धुवायचा, आणि शिजला की दर घरी एक वाटी पोचवायची. एकही घर वगळायचं नाही. घर वगळलं तर नवस अर्धा राहतो.

मुक्ताबाई हातपाय धुऊन, साडी बदलून बुद्धविहाराच्या आळीत गेल्या. वनिताला एकच गोष्ट विचारायची होती.

भिमाबाईचं अंगण झाडून काढलेलं होतं. इतकं स्वच्छ की पाय टाकायला जड जावं. खुराड्याचं दार उघडं, आत काही नाही. भिमाबाई उंबऱ्यावर बसून हरभरे निवडत होती. "या," ती म्हणाली, आणि सूप मांडीवर ओढून जागा केली. ती रडली नाही. सगळ्या गेल्या, एक काळी तलंग होती तेवढी नेकनूरच्या लेकीकडं दिली होती म्हणून वाचली, असं तिनं सांगितलं. वनितानं लस द्यायची म्हणून कोंबड्या दोनदा धरायला सांगितलं होतं, पण तेव्हा भिमाबाईचा गुडघा दुखत होता, आज-उद्या करत राहिलं.

वनिता आतून आली. मुक्ताबाईंनी विचारलं, की दुखणं आलेला कोंबडा कापून शिजवला, तर?

"शिजवलेलं खाल्लं तर माणसाला काई होत न्हाई," वनिता म्हणाली. "पर पिसं ओढ्यात जात्यात, आतडी कुत्री ओढत्यात, धुतल्यालं पानी वाहत जातं. ज्यांच्या दारात अजून दोन-चार उरल्यात, त्यांच्या दारात ते सगळं पोचतं." मग तिनं विचारलं, "तो पडला का, काकू?"

"पडला."

भिमाबाईचे हात सुपावरच राहिले. अंगणात तिच्या खुराड्याशेजारी शेवग्याचं झाड होतं. कोंबडा कितीतरी रात्री त्याच्या फांदीवर झोपला होता.

"मी त्याला टोचू दिलं न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "उवा दिसल्या तरी औषध लावलं न्हाई. भिमाबाई, तुमच्याकडं ते माझ्या घरून आलं असंल."

भिमाबाईनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "आलं असंल," ती म्हणाली. "गिरणीवरनंबी आलं असंल. म्या तरी कुठं टोचून घेतलं? पर गेलं ते गेलं. उरल्यात त्यांचं काय करताय, ते सांगा."

परत येताना मुक्ताबाईंनी वाट लांबची घेतली. दर दारात त्यांना कोंबड्या दिसत होत्या. उरलेल्या. एका अंगणात एक बाई पिल्लांना डालग्याखाली घेत होती, एका हातानं डालगं उचलून दुसऱ्या हातानं आत ढकलत. त्यांना वाटलं, आईनं मला कधी सांगितलं की सुई लावू नकोस? माझ्याच तोंडून तिची आज्ञा मीच ऐकली. आता मान मोडलेला, हगवणीनं भरलेला जीव फरफटत नेऊन तिच्या पायरीवर घालायचा, आणि वर म्हणायचं, घे, तुझं देणं फिटलं.

घरी आल्या तर सुंदरराव नारळ, परात, सुरी घेऊन ओट्यावर बसले होते. मुक्ताबाई त्यांच्यापुढून गेल्या आणि गोठ्याच्या दाराला पाठ लावून खाली बसल्या.

"भावजी, आज न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यो कोंबडा देवीला जायचा न्हाई."

सुंदररावांना वाटलं, दुःखात बोलतायत. त्यांनी समजावलं, मग थट्टा केली, मग आवाज चढवला. "वहिनी, सगळी उमर उपास केले तुमी. आणि आज लस टोचणारीचं ऐकून आईला न्हाई म्हणता?"

"आईला न्हाई म्हणत न्हाई. हे तिला द्यायचं न्हाई, एवढंच म्हणते. आणि गावात वाटायचं न्हाई."

"उद्या काय वाईट झालं, तर?"

"तर मला बोल लावा."

सुंदररावांनी नारळ परातीत टाकला. मी यात न्हाई, असं म्हणून ते निघून गेले. परात ओट्यावरच राहिली.

वनमाला मात्र हलली नाही. ती अंगणाच्या मधोमध उभी होती, लेकरू कडेवर, त्याच्या वाढलेल्या जावळाची शेंडी तिनं मुठीत धरलेली. "आत्याबाई, तुमी जिन्याखाली होता. मी काचेतून बघत होते. त्याचं पोट हलतंय का थांबलं, येवढंच बघत होते मी. नवस तुमी बोललात, पर लेकरू माझं हाय."

दारामागं डालग्यात पंख फडफडले, मग थांबले.

"नवस मी बोलले," मुक्ताबाई म्हणाल्या. "म्हणून फिटला न्हाई तर तो माझ्या अंगावर ऱ्हाईल. लेकराच्या अंगावर न्हाई. जी आई लेकरू देते, ती चार घरचं आजारपण वाटल्याशिवाय त्याला जगू देणार न्हाई, असं मला न्हाई वाटत. तुला वाटत असंल तर मी उठते. तू ने त्याला."

वनमाला तशीच उभी राहिली. मग लेकराला घेऊन घरात गेली आणि दार आतून ओढून घेतलं.

मुक्ताबाई उठल्या नाहीत. रविराज आला, अंगणात उभा राहून एकदा घराच्या बंद दाराकडं, एकदा आईकडं पाहिलं, आणि न जेवताच परत फेरीवर गेला. उन्हं कलली. आतली घरघर हळूहळू विरळ होत गेली आणि मग ऐकू यायची थांबली. मुक्ताबाईंनी आत जाऊन डालगं उचललं. डोळे उघडेच होते. त्यांनी ते बोटानं मिटवले, आणि तोंडातल्या तोंडात मेसाईचं नाव घेतलं.

बांधाच्या पलीकडं, विहिरीपासून लांब, निघताना वनितानं सांगितल्यासारखा कमरेइतका खड्डा घ्यायचा होता. जमीन वर ओली आणि खाली मुरमाड होती. टिकाव चार बोटंसुद्धा शिरत नव्हता. थोडं खणून झालं की त्या खाली बसत, पुन्हा उठत.

पावलं वाजली तेव्हा त्यांनी मागं पाहिलं. वनमाला होती, पदर खोचलेला, हातात चुन्याची बादली. लेकरू सोबत नव्हतं.

"निजलंय," ती म्हणाली. "द्या इकडं."

तिनं टिकाव घेतला. मुक्ताबाई बांधावर बसल्या. सून खणत राहिली. खड्डा पुरेसा खोल झाल्यावर मुक्ताबाईंनी कोंबडा आत ठेवला, आणि वनमालानं वरून चुना ओतला. माती ओढताना ती एकदाच थांबली.

"आई रागावंल का हो?"

"ठाऊक न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "उद्या वर जाऊन सांगते तिला. मोकळ्या हातानं जाते."

"मी येते," वनमाला म्हणाली.

खड्डा बुजवून, वर दगड ठेवून दोघी विहिरीवर आल्या. वनमालानं आधी सासूच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला. बादलीत थोडा चुना उरला होता. तो गोठ्यात टाकायचा होता, भिंतीपाशीही. त्यानंतर अंधार पडायच्या आत घरोघर जाऊन सांगायचं होतं, की कोंबड्या सोडू नका, आमचा कोंबडा मानमोडीनं गेला. आळीच्या कुठल्या टोकापासून सुरुवात करायची, हे दोघी चालता चालता ठरवत होत्या.