झुंदुईच्या घरावरून

कर्करोगापायी लुवसानदादाचं निम्मं यकृत कापून काढलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. दारू बंद, मीठ-चरबी कमी, रोज चालायचं. दादा माझा थोरला भाऊ. तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवलेला, बायको गेल्यापासून माझ्याकडेच राहणारा. पहिल्याच दिवशी कोबी-गाजर वाढलं तर म्हणाला, "दोल्गोर, मी काय बकरी आहे का गं?"

त्याला वळणावर आणलं ते झुंदुईने. गल्लीच्या टोकाला राहणारा हा निवृत्त पोस्टमन. त्याचंही तेच ऑपरेशन झालेलं. रोज सकाळी आमच्या कुंपणावर काठी आपटायचा. "लुवसान्या, ऊठ! मेलास की काय?" मग दोघं टेकडीपर्यंत जायचे. हिवाळ्यात चुलींच्या धुराने समोरचं घर दिसेना, तरी तोंडाला फडकं बांधून जायचे. आमच्याकडे चहा खारटच पितात, पण त्याचं बघून दादाने चहात मीठ घालणं सोडलं.

झुंदुईने तर सगळंच पाळलं. नववर्षाला घरोघरी व्होडका पुढे यायची. तो पेला नुसता ओठाला लावून परत द्यायचा. तरी मार्चमध्ये दुखणं उलटलं आणि महिन्याभरात तो गेला.

माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी त्याच्या नावाने जेवण घालतात, त्या जेवणाला दादाने व्होडकाचा पेला उचलला. मी हात धरला.

"सोड. त्याने काय कमी पाळलं होतं?"

मी हात सोडला.

चालणं बंद पडलं. माझे गुडघे दुखतात, तरी म्हटलं, मी येते. तीन दिवस आला. चौथ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पुढे शनिवारची बाटली सुरू झाली. मी भांडले, रडले, मग थकले.

ऑगस्टमध्ये तपासणी होती. मी मनाची तयारी करूनच गेले होते. डॉक्टरीणबाई हसल्या. "काही नाही. छान आहे. असंच पाळत राहा."

दादा खाली बघत राहिला. बाहेर बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "मग तो का गेला गं?"

बसमधून उतरून घरी जाताना झुंदुईच्या घरावरून जावं लागतं. त्याची बायको पुरेव दारात सरपण फोडत होती. कुऱ्हाड ठेवून म्हणाली, "भाऊजी, काय निघालं?"

दादाने माझ्याकडे पाहिलंच नाही. "अजून रिपोर्ट यायचाय, वहिनी."

"चांगलाच येईल," ती म्हणाली. "या, चहा घ्या."

दादा आत गेला नाही. त्याने तिची कुऱ्हाड उचलली आणि उरलेलं सरपण फोडायला लागला.