कलावतीचा आवाज

"उद्या तोंड फक्त हलवायचं. आवाज टेपवरून येईल," नरहर सर म्हणाले, आणि माझं डोकंच फिरलं.

हे म्हणत होता कोण? रायपूरचे निम्मे नट ज्यानं घडवले तो! आमची तालीम कधी हॉलमध्ये झाली नाही. सर आम्हाला गोल बाजारात भांड्यांच्या दुकानांपुढे उभं करायचे. समोर ठोकाठोक चाललेली, ओरडायला बंदी, तरी शब्द पलीकडे पोचला पाहिजे. "माईक लागतो तो नट नाही, भोंगा आहे," असं सुनावून त्यांनी भल्याभल्यांना रडवलं होतं. आमची मुख्य नटी कलावती त्यांतलीच. बीरगावच्या कारखान्यात कँटीनच्या पोळ्या लाटून ती तालमीला यायची. पण आता नवं राज्य झालं होतं. त्याच्या वर्धापनदिनाच्या नाटकात सरकारी साहेबांना चूक नको होती आणि सरांना हवी होती सरकारी नाट्यशाळा.

कलावती उठली. "सर, माहा आवाज भरून घेतला तवा तुम्ही म्हटलं होतं, आठवण म्हणून ठेवतो."

"ठेवूच न. एक दिवसाचं त आहे, पोरी."

"मंग मले काहून उभं करता?"

"डोकं नको खाऊ. शाळा झाली की तूच शिकवशील तिथं पोट्ट्यांले."

"काय शिकवू? तोंड हलवाले?"

सर लालबुंद झाले. "जायचं त जा. तुहा आवाज आहे माह्यापाशी."

या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मात माफ करणार नाही. कलावतीनं चपला घातल्या. नाटकाचे कपडे मी सांभाळायचे; मीही ते गाठोडं तिथंच आपटलं आणि तिच्यामागे निघाले.

दुसऱ्या संध्याकाळी मी नको नको म्हणत असताना ती मला मैदानावर घेऊन गेली. आम्ही मागे गर्दीत उभ्या राहिलो. तिच्या जागी कोरसमधली निधी होती. बिचारी जीव तोडून ओठ हलवत होती. आणि पोरगा गमावलेल्या आईचं ते लांबलचक बोलणं कलावतीच्या आवाजात मैदानभर घुमलं. शेंगदाणेवालासुद्धा गप्प झाला. मग टाळ्यांचा कडकडाट. सरांनी शाल घेतली, निधीला पुढं केलं. लाज कशी वाटली नाही या माणसाला!

शेजारची बाई डोळे पुसत कलावतीला म्हणाली, "क्या आवाज है दीदी, इस लड़की की!"

मी तोंड उघडणार, तोच कलावतीनं माझा हात घट्ट दाबला.

"हव," ती त्या बाईला म्हणाली. "बहुत मेहनत की है उसने."