निबियाच्या खुर्चीजवळची कुंडी

एल्बिओने पान बशीत घालून आणलं होतं. वर दुसरी बशी झाकण म्हणून. आजाऱ्याच्या घरी तो दुधातला भात पाठवायचा, अगदी तसं.

"बघ," कुंपणाच्या भिंतीवर बशी ठेवत तो म्हणाला. "कालपर्यंत हिरवं होतं."

"कालपर्यंत तू बघितलं नव्हतंस," मी म्हणालो.

पान पिवळं होतंच, पण त्याच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, भट्टीत जास्त वेळ राहिलेल्या पावासारख्या. बोटाने दाबलं तर कड चुरली. माझं सगळं आयुष्य साल्तो भागातल्या संत्र्यांच्या रोपवाटिकेत गेलं आणि आता म्हातारपणी गांजा लावणाऱ्यांच्या क्लबाची झाडं सांभाळतो, त्यामुळे आमच्या गल्लीत कोणाच्याही कुंडीतलं पान पिवळं पडलं की ते माझ्याच भिंतीवर येतं. आमच्याकडे घरी गांजा लावायला कायद्याने मुभा आहे, झाडं प्रत्येकाची रीतसर नोंदवलेली, पण धीर मात्र कोणापाशीच नाही.

"काय घालतोस कुंडीला?"

"सगळं घालतो. कोंबडीखताचं पाणी, केळीच्या सालींचं पाणी, शिवाय दुकानातली ती बाटली. पिवळं पडलं म्हणजे भूक लागली ना?"

"फुलोऱ्यातलं झाड आपलीच खालची पानं खातं, एल्बिओ. थोडं पिवळं पडायचंच. पण ही कड बघ. भुकेने पान असं करपत नाही. हे जास्त झाल्याचं लक्षण आहे."

"जास्त कसं होईल?" त्याने विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

त्याची सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. आमच्या वस्तीतली दोन पिढ्यांची पोरं त्याच्या हातचं जेवून मोठी झाली, माझी दोन्ही त्यांतच. तो कोणावर कधी ओरडला नाही. नुसता हातात पळी घेऊन ताटलीपाशी उभा राहायचा, ती रिकामी होईपर्यंत. पोरं मुख्याध्यापिकेपेक्षा त्या उभं राहण्याला भ्यायची.

आता जेवू घालायला त्याला एकटी बायकोच उरली होती, निबिया. तिच्या हाडांत दुखणं शिरलं होतं. दवाखान्यातल्या थेंबांनी वेदना थांबायची, पण त्याबरोबर निबियाही थांबायची. दिवसभर डोळे अर्धे मिटलेले, आपलंच घर ओळखायची नाही. मागच्या वर्षीच्या फुलांचं तेल संध्याकाळी जिभेखाली घेतलं की मात्र ती रात्री झोपायची आणि दिवसा निबिया असायची, टोमण्यांसकट. तिला तरी ते लागू पडलं होतं. आता त्या बाटलीचा तळ दिसायला लागला होता. दोन झाडं होती. त्यातलं कपडे धुण्याच्या टाकीजवळचं सावलीत खुरटलेलं. सगळी भिस्त होती ती अंगणातल्या तिच्या खुर्चीजवळच्या झाडावर, आणि पिवळं पडत होतं नेमकं तेच.

दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. निबिया कापडी खुर्चीत बसली होती, एवढ्या उकाड्यातही गुडघ्यांवर घोंगडी, हातात माते या आमच्याकडच्या कडवट चहाचा तुंबा, नळी तोंडाशी.

"आला पानांचा डॉक्टर," ती म्हणाली. "आधी झाडाला तपास. मला तपासणारे रग्गड आहेत."

"तुला तपासायची फी जास्त आहे," मी म्हणालो.

टाकीजवळचं झाड खुरटं होतं, पण नखशिखान्त हिरवं. दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या लावून केलेली, माती एकच, नळ एकच.

"खत दोन्ही कुंड्यांना सारखंच वाढतो," एल्बिओ म्हणाला. "शाळेतली सवय. एकीला जास्त, एकीला कमी, असं माझ्याच्याने होत नाही."

मग एकच झाड का करपावं? मी खुर्चीजवळच्या कुंडीपाशी उकिडवा बसलो. कुंडीच्या काठाला पांढरा थर चढला होता. मातीवर मातेचा ओला चोथा, चांगला जाडजूड. त्याचं मला काही वाटलं नाही. आमच्याकडे घरोघरी तुंबा कुंडीतच रिकामा करतात आणि वर ते खत आहे असं एकमेकांना सांगतात. आतून उकळीचा आवाज आला तसा एल्बिओ सूप बघायला गेला. मी दोन बोटांनी चोथा बाजूला केला.

खालून आंबूस वास आला. चोथ्याखाली सूपमध्ये घालतात त्या शेवया होत्या, चांदणीच्या आकाराच्या बारीक शेवया, पाणी पिऊन फुगलेल्या. गाजराचे तुकडे होते. तमालपत्राचा एक देठ होता.

मी वर पाहिलं. निबिया माझ्याकडेच बघत होती.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"कार्निवल झाल्यापासून. गिळवत नाही रे, वाल्देमार. पहिला घोट त्याच्यादेखत घेते. मग तो पाव आणायला आत जातो."

"त्याला सांगायचं ना."

"काय सांगू? रोज विचारतो, संपवलंस? मी हो म्हणते, आणि त्याचा चेहरा असा काही खुलतो की विचारू नकोस. या घरात त्याला दुसरा कुठला आनंद राहिलाय आता?"

"झाड मरेल, निबिया. तुझं तेल त्यातच आहे."

"मला वाटलं, झाडाला चालेल." ती म्हणाली. "सूप चांगलं असतं."

मला हसू आलं आणि तिलाही आलं, पण हसताना तिच्या बरगड्या दुखतात, म्हणून आम्ही दोघांनीही ते आवरलं. मी चोथा परत होता तसा पसरला.

एल्बिओ सूपची ताटली घेऊन आला, खांद्यावर पांढरा फडका. ताटली त्याने तिच्या मांडीवरच्या फळीवर ठेवली. "काय निघालं?"

"खत बंद कर. भरपूर पाणी ओतून माती धुऊन काढायची. बाकी काही करायला नको."

"पण झालं कशाने?"

"जास्त झालं."

"टाकीजवळचीही तेवढंच खाते."

तो गुडघे टेकून कुंडीपाशी बसला. काठावरच्या पांढऱ्या थराचा एक पापुद्रा त्याने नखाने काढला आणि जिभेवर ठेवला. चव घेतल्याशिवाय त्या माणसाने आयुष्यात कशावरही मत दिलेलं नाही. मी त्याला थांबवायला हवं होतं, पण तोवर उशीर झाला होता.

मग त्याने चोथा जरासा बाजूला केला, पाहिलं, आणि परत तळहाताने सारखा केला, जणू कोणाचं पांघरूण नीट करतोय.

"मीठ," तो म्हणाला.

निबिया आपल्या हातांकडे बघत होती. एल्बिओ उठला. तिच्यापुढची ताटली त्याने उचलली.

"आज उकडतंय फार," तो म्हणाला. "राहू दे." आणि ताटली आत घेऊन गेला.

ती दुपार आम्ही कुंडी धुण्यात घालवली. नळी लावून पाणी सोडत राहिलो. आधी खालून गढूळ पाणी आलं, मग हळूहळू निवळ यायला लागलं. शेवया वर तरंगून काठावरून अंगणात पडल्या. मी झाडू उचलला तर त्याने माझ्या हातातून घेतला आणि स्वतः त्या सगळ्या गटारापर्यंत लोटत नेल्या.

"मला म्हणाली असती तर," तो तिकडूनच म्हणाला.

"तू ताटलीपाशी उभा राहतोस, एल्बिओ."

मी बोललो ते कठोर होतं, आणि निबिया दोन हातांच्या अंतरावर डोळे मिटून बसलेली होती. एल्बिओने झाडू भिंतीला टेकवला.

"पोरंही मांस खिशात घालून न्यायची," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तरी मी उभाच राहायचो."

पिवळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर रोज सकाळी बशी घेऊन आला असता. खालची पानं गळली. वरची तगली आणि थंडी पडायच्या आत तुरे बऱ्यापैकी भरले. मागच्या वर्षीइतके नाहीत. पण निबियाकडे बघून मला वाटायचं की मागच्या वर्षीइतकं तेल आता लागणारही नाही, आणि हे एल्बिओलाही कळत असणार.

तुरे काढायच्या आदल्या आठवड्यात मी भिंतीपाशी माझ्या लिंबाची फांदी छाटत होतो. त्यांच्या अंगणात सूपचा वास सुटला होता. ती खुर्चीत, तो तिच्यासमोर स्टुलावर, दोघांत मिळून एकच ताटली, आणि ती त्याच्या गुडघ्यांवर. अशा वेळी भिंतीवरून बघू नये, पण मी बघितलं.

त्याने ताटली उचलून तिच्या नाकापाशी धरली. निबियाने डोळे मिटले. बराच वेळ ती वास घेत राहिली. वाफेने तिच्या कपाळावरचे केस ओले झाले.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मिठाला वास नसतो. जन्मभर रांधलेल्या माणसाला हे मी सांगायला हवं होतं असं नाही. पण एल्बिओने चमचाही तोंडाला लावून बघितला नाही. तो उठला, आत जाऊन चिमूटभर मीठ घेऊन आला, ते ताटलीत सोडून ढवळलं, आणि तिच्यासमोर बसून जेवू लागला.