घर बोलतंय

उत्तमरावांनी वॉकीटॉकी सेटचं बटण दाबलं, काहीच बोलले नाहीत, आणि सोडलं.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या दारापाशी, प्राची तसाच दुसरा सेट कानाशी धरून उभी होती. आधी बारीक 'टक्' झालं, मग क्षणभर नुसत्या हवेचा आवाज आला, आणि पुन्हा 'टक्'. कडेवरच्या संचीने सेटची दांडी तोंडात घालायला हात पुढे केला.

"काका, बोला ना काहीतरी," काउंटरमागून ओवेन म्हणाला. "नाव सांगा, सकाळी काय खाल्लं ते सांगा. त्याशिवाय कळणार कसं, आवाज क्लीअर आहे का?"

उत्तमरावांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा सोडलं, आणि सुनेकडे बघून भुवया उंचावल्या.

"आलं, बाबा," प्राची म्हणाली. "दोन्ही वेळा."

नौपाड्यातल्या त्या गल्लीत ओवेनचं दुकान बरीच वर्षं होतं. सिक्युरिटीवाले, लग्नाचे केटरर, गणपतीची मंडळं, सगळे त्याच्याकडून वॉकीटॉकी नेत. घरात एक आणि गाडीत एक, असं मागणारा म्हातारा मात्र त्याला नवा होता. त्याने उत्साहाने एक जाडजूड खोकं पुढे सरकवलं.

"हा घ्या. गच्चीवर अँटेना लावली ना, तर ठाण्यातून कल्याणशी बोलाल. फक्त परवाना लागतो. परीक्षा द्यायची, अर्ज करायचा, मग काही महिने थांबायचं."

"परीक्षेला वेळ नाही," उत्तमराव म्हणाले. आवाज जात्यात खडा अडकावा तसा निघाला.

"घसा पार बसलाय काका तुमचा. हळदीचं दूध प्या."

"पितो."

"मग हे बिनपरवान्याचे. खोक्यावर पाच किलोमीटर छापलंय, पण ते मोकळ्या मैदानात. तुमच्या डोंबिवलीत बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलेली. एक, फार तर दीड धरा."

"आमचं सगळं तेवढ्यातच आहे."

खरंच होतं ते. कोपरच्या दोन खोल्यांत त्यांची बायको मालनबाई आणि प्राची मिळून जेवणाचे डबे करत आणि उत्तमराव ते जुन्या ईको व्हॅनमधून शास्त्रीनगर, विष्णुनगर, दीनदयाळ रोड असे पोचवत. सगळा फेरा संपला तरी गाडीचं इंजिन नीट तापत नसे.

ओवेनने तिसरी जोडी काढली. उत्तमरावांनी त्यातल्या एकाचं बटण दाबून सोडलं, तसं प्राचीच्या हातातल्या सेटमधून लहानसं, स्पष्ट 'पीप' वाजलं. संची दचकली आणि मग हसली.

"ह्याचं तेवढंच वाईट," ओवेन म्हणाला. "बटण सोडलं की समोर पीप होतं. लोकांचं डोकं उठतं. थांबा, सेटिंगमधून काढून टाकतो."

"राहू दे." उत्तमरावांनी सेटवर हात ठेवला. "हाच द्या."

प्राचीने तोंड रस्त्याकडे फिरवलं. फोनवर गप्प माणूस म्हणजे तुटलेली लाइन. चार वेळा हॅलो हॅलो करून लोक ठेवून देतात. ह्या यंत्रात मात्र गप्प माणूसही 'मी आहे' एवढं सांगू शकतो. बाबा आठवडाभर मोबाइलवर काय शोधत बसले होते, ते तिला आत्ता कळलं.

*

मोठागावचा पूल चढताना खाडीचा खारट वारा गाडीत शिरला. संची मांडीवर झोपली होती.

"बाबा, आईंना कधी सांगायचं?"

"सांगतो की."

"सोमवारी ॲडमिट व्हायचंय."

उत्तमरावांनी उगाच आरसा नीट केला. डॉक्टरांनी सगळं सांगितलं तेव्हा केबिनमध्ये हे दोघंच होते. गाठ स्वरयंत्रावरच होती. स्वरयंत्र अख्खं काढायचं होतं. पुढे कधीतरी एखादं उपकरण बसवून थोडंफार बोलता येईल, पण ते पुढचं पुढे. प्राचीच्या नवऱ्याला, संदेशला, कुवेतला फोनवर कळवलं, तो रडला. मालनबाईंना मात्र एवढंच माहीत होतं, की गाठ काढायची आहे आणि घसा काही दिवस बसेल.

"तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"तू नको. तुझ्या तोंडून कळलं तर तिला वाटेल, मी लपवलं."

"लपवलंच आहे की, बाबा."

पूल उतरून त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "आज ही जोडणी होऊ दे. मग सांगतो."

"आज नाही सांगितलंत तर संची झोपल्यावर मी सांगणार. आईंना अंधारात ठेवून मला त्यांच्यासोबत पोळ्या लाटता येत नाहीत."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की रस्त्याच्या खड्ड्याने हलली, हे प्राचीला समजलं नाही.

*

"चार-चार फोन आहेत घरात. हे आणखी काय पोलिसांसारखं?" मालनबाई कणकेचा हात वर धरूनच बाहेर आल्या.

"फोन उचलायचा म्हणजे स्टिअरिंग सोडावं लागतं. दंड लावतात."

"इतकी वर्षं उचललात, तेव्हा नाही लागला तो?"

सेट कुठे टांगायचा यावर मग बराच वेळ गेला. गॅसजवळ तेलकट वाफ, पोळपाटाजवळ पीठ, फ्रिजवर ठेवला तर खरखर. शेवटी प्राचीने खिडकीच्या चौकटीला खिळा ठोकला. तिथून खाली उभी गाडी दिसायची आणि आवाजही स्वच्छ यायचा. मग उत्तमराव खाली जाऊन गाडीच्या कामाला लागले. पत्र्याच्या टपाखाली सेट गुदमरतो म्हणून तो पुढच्या काचेजवळ चिकटवला, सिगारेट पेटवायच्या भोकात चार्जर खुपसला, आणि बोलायचा वायरवाला माइक गिअरपाशी, हात पडेल असा अडकवला.

"आता हाक मारा, आई," प्राची म्हणाली. "हे बटण दाबून धरायचं, बोलायचं, आणि सोडायचं."

मालनबाईंनी हात पुसले, बटण दाबलं, आणि जिन्यातून ओरडावं तसं ओरडल्या, "अहो!"

"हां मॅडम, बोलिये, गेट नंबर दो," कोणीतरी परका पुरुष म्हणाला.

मालनबाईंनी सेट असा सोडला की तो खिळ्यावर झोके खायला लागला. "अगं बाई! हा कोण?"

"कुठल्यातरी सोसायटीचा वॉचमन. त्यांचा आपला चॅनल एकच आलाय." प्राचीने हसू दाबत चॅनल बदलला, खिडकीतून बाबांनाही बोटांनी आकडा दाखवला. "म्हणून नावाने हाक मारायची. अहो म्हटलं की अख्खी डोंबिवली ओ देणार."

"गप गं. नावाने म्हणे." लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं, रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला सांगायला लावायच्या.

सेटमधून उत्तमरावांचा घोगरा आवाज आला. "तू घर. मी गाडी. तसं म्हण."

पीप वाजलं.

"मी घर आणि हे गाडी," मालनबाई प्राचीला म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तेच तर चाललंय. त्याला यंत्र कशाला आणायला हवं होतं?"

खाली ईको सुरू झाली. कुठवर ऐकू येतं ते बघायला उत्तमराव नेहमीचा फेरा मारून येणार होते. प्राचीने संचीला ओट्याखाली बसवलं, हातात चमचा आणि वाटी दिली. बाबा परत आले की त्यांना वरच थांबवायचं आणि आपण संचीला घेऊन खाली जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आईंचा चेहरा कसा होईल, हा विचार मात्र ती सारखा बाजूला सारत होती.

"घर," सेट बोलला. "ऐकू येतंय का? मी आता..." पुढचे शब्द खोकल्यात बुडाले. खोकला लांबला. मग पीप.

मालनबाई खिडकीशी गेल्या. ह्या वेळी ओरडल्या नाहीत. बटण दाबून, संचीला झोपवताना बोलतात तेवढ्याच आवाजात म्हणाल्या,

"घर बोलतंय. येतंय ऐकू. आता तुम्ही बोलू नका. मी विचारते. हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा."

प्राचीच्या हातातली परात ओट्यावर टेकता टेकता राहिली.

मालनबाईंनी पुन्हा बटण दाबलं.

"गाडी ऐकतेय ना?"

पीप.

"दीनदयाळ रोडला पोचलात?"

पीप, पीप.

"मग शास्त्रीनगर?"

पीप.

"संध्याकाळी वांगी करू का?"

पीप, पीप. लगेच.

"तुम्हाला आवडत नाहीत ते माहितीये मला. गिऱ्हाइकांसाठी विचारतेय."

थोडं थांबून, नाइलाजाने वाजल्यासारखं, एकच पीप. मालनबाईंच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. त्यांनी बटणावरचा अंगठा उचलला, पुन्हा ठेवला.

"गाडी बाजूला घ्या जरा."

पीप.

"घेतली?"

पीप.

"सोमवारनंतर तुम्हाला बोलता येणार नाही. हो ना?"

कुकर वाफ धरत आला होता. ओट्याखाली संची वाटीवर चमचा आपटत होती. प्राचीने वाकून तिचा हात हलकेच धरला. खिडकीतल्या सेटवरचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

पीप.

मालनबाई दुसऱ्यासाठी थांबल्या. दुसरं आलं नाही. भाजीवाल्याने भाव सांगावा आणि तो आपल्याला आधीच ठाऊक असावा, तशी त्यांनी मान हलवली. फक्त मोकळ्या हाताने खिडकीचा गज धरला.

"आई..." प्राची म्हणाली.

"त्या दिवशी तुम्ही दोघं आत गेलात, तेव्हा मी बाकावर होते ना," मालनबाई तिच्याकडे न बघताच बोलल्या. "शेजारच्या बाईचा नवरा गळ्याला रुमाल बांधून बसलेला. ती विचारत होती, तो तिच्या हातावर बोट आपटत होता. एकदा हो, दोनदा नाही. मी म्हटलं, काय झालंय हो ह्यांना? तिने सांगितलं सगळं. मग तुम्ही बाहेर आलात, आणि हे मला म्हणाले, किरकोळ आहे."

"मग मला विचारायचंत तरी."

"तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग ह्यांनी तुझ्यावर राग धरला असता. तान्ह्या पोरीची आई तू, तुला कशाला हे ओझं?"

प्राची खाली वाकली. तिने संचीला उचलून छातीशी घेतलं.

मालनबाईंनी गॅस बंद केला. कुकर शिट्टीच्या बेतात होता, तो सुस्कारा टाकून बसला. खुंटीला अडकलेला पदर सोडवून घ्यावा तशा त्या सावकाश वळल्या आणि सेट खिळ्यावरून काढून हातात घेतला.

"गाडी."

पीप.

"आता बोला."

खरखर झाली. "काय बोलू?" ती खरखर सेटची होती की गळ्याची, सांगता येत नव्हतं.

"काहीही बोला. दुखलं की थांबा. मी ऐकते."

शास्त्रीनगरच्या कुठल्यातरी कडेला गाडी लावून तो माणूस काय शोधत असेल, हे प्राचीला दिसत होतं. ह्या घरात बायकोशी बोलायचं म्हणजे कामाचं बोलायचं. दुसरं बोलणं त्यांना कधी लागलंच नव्हतं.

मग आवाज आला. हळू, प्रत्येक शब्दाआधी श्वास घेत.

"शास्त्रीनगर. आयव्ही टीचर. दोन डबे, एकात मीठ कमी. वरच्या मजल्यावर कुलकर्णी, पोळ्या नको, भाकरी. विष्णुनगर. जाईबाई. दात काढलेत, तिला मऊ भात... आमटी पातळ. दार उघडायला वेळ लावते. थांबावं लागतं..."

मालनबाई ओट्याला टेकून खाली बसल्या. सेट त्यांनी दोन्ही हातांत, गरम वाटी धरावी तसा धरला होता. आवाज मधेच तुटत होता, खोकल्यासाठी थांबत होता, आणि पुन्हा पुढच्या घराशी येत होता. बटण न दाबताच, तिकडे ऐकू जाणार नाही हे माहीत असून, त्या प्रत्येक नावाला हलकेच "हं" म्हणत होत्या.