टेबलाखालची खूण

मित्रांनो, मी पाइनची एक जुनी, जाडजूड फळी आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या एका लाकूड-गिरणीवाल्याच्या स्वयंपाकघरात मी जेवणाचं टेबल होऊन आयुष्य काढलं. माझी वरची बाजू सगळे बघतात, पुसतात, तिच्यावर घेवड्याची गरम भांडी आदळतात. माझी गोष्ट मात्र खालच्या बाजूला आहे, आणि तिथे वाकून बघण्याची तसदी कोण घेतो?

आधी मी झाड होते. जोथम पेटिंगिलच्या गिरणीमागच्या टेकडीवर मी सरळसोट वाढले, आणि तेच माझ्या मुळावर आलं. समुद्रापलीकडच्या इंग्लंडच्या राजाला जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी असलीच झाडं हवी असत. त्याची माणसं रानात हिंडायची आणि जाड पाइन दिसला की कुऱ्हाडीचे तीन घाव घालून त्यावर कावळ्याच्या पायासारखी खूण करायची. खूण झाली की झाड राजाचं. मग जमीन कुणाची का असेना!

माझ्यावर खूण केली ती लेम्युएलनं. हा जोथमच्या बायकोचा, टॅमसिनचा, धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून टॅमसिननंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. सरकारी नोकरी नवीनच लागलेली, तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती. शेवटचा घाव घालताना त्याची कुऱ्हाड निसटली आणि माझ्या खुणेचा एक पाय कायमचा वाकडा झाला.

पुढे एका वादळात मी उन्मळून पडले. राजाचं झाड पडलं तरी राजाचंच. कुजून गेलं तरी त्याला हात लावायचा नाही, असा कायदा. जोथमचं डोकं फिरलं. "कर बसवताना आम्हाला विचारतात का? मग माझ्या रानातलं लाकूड मी कुणाला विचारून कापू?" असं म्हणत त्यानं मला बैलांकरवी ओढून गिरणीत नेलं आणि चिरून जेवणाचं टेबल केलं.

त्याच वेळी रंधा मारून खूण उडवली असती, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण जोथमला मिरवायचं होतं. त्यानं खूण खालच्या बाजूला तशीच ठेवली. "राजाचा पाय आता माझ्या ताटाखाली," असं तो ज्याला त्याला सांगे. मग गावात रीतच पडली. जेवायला आलेला माणूस बसल्या बसल्या हात टेबलाखाली घालायचा, खूण चाचपायचा आणि गालातल्या गालात हसायचा. पाद्रीबुवासुद्धा प्रार्थना आटोपली की हळूच हात घालायचे. मलाही तेव्हा गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू? बॉस्टन शहराकडून रोज नव्या बातम्या येत होत्या. कधी चहावर कर, कधी रस्त्यात राजाचे लाल डगल्यांचे शिपाई. टॅमसिननं चहा सोडून रास्पबेरीची पानं उकळायला घेतली होती. सगळ्यांच्याच मनात राग साठत होता.

एका शनिवारी बऱ्याच महिन्यांनी लेम्युएल जेवायला आला.

"या मेव्हणेबुवा! आज राजेसाहेबांनी सुट्टी दिली वाटतं?" जोथमनं चिमटा काढला.

"दिली की, दाजी. ताईच्या हातचा घेवडा राजाला कळला ना, तर झाडं सोडून हंडीवरच खूण मारायला लावेल मला!"

टॅमसिन खळखळून हसली. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू. बाक पुढे ओढायला लेम्युएलनं माझी कड धरली, आणि त्याची बोटं खुणेवर पडली. वाकड्या पायापाशी ती थांबली. स्वतःच्या हातचं काम कोण विसरतं? त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, आजच रंधा मारा," तो हळू आवाजात म्हणाला. "सोमवारी राजाचा अंमलदार, शेरीफ, गिरण्या आणि घरं तपासणार आहे. मीही बरोबर असेन. या घरात काही नाही, असं मी सांगतो. पण त्यानं वाकून बघितलं तर गिरणी जाईल तुमची."

"आणि तुझी नोकरी?"

"माझं मी बघेन."

"मी काय चोर आहे लपवायला? तुझ्या राजालाच सांग, ये म्हणावं आणि वाक माझ्या टेबलाखाली!"

"अहो, ऐका की त्याचं!" टॅमसिननं हातातला डाव हंडीत आदळला. "एवढंसं लाकूड तासायचंय. त्यात कसला आलाय मोठेपणा?"

जोथम जेवण टाकून उठला. रंधा खुंटीवरच राहिला.

सोमवारी पहाटे शेरीफची माणसं गावातल्या सरायीत झोपलेली असतानाच गावकरी आत घुसले. ओळख पटू नये म्हणून त्यांनी तोंडाला काजळी फासली होती. त्यांनी पाइनच्या फोकांनी त्या माणसांना सोलून काढलं, त्यांच्या घोड्यांच्या शेपट्या कापल्या आणि हुर्यो करत त्यांना गावाबाहेर हाकललं. त्या माणसांत लेम्युएलही होता. तो कसाबसा बहिणीच्या दाराशी पोचला. टॅमसिननं त्याला माझ्यावरच पालथं निजवलं आणि त्याची पाठ धुवायला घेतली. त्याचं रक्त माझ्या रेषांत मुरलं. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात जोथम मागच्या दारानं आला. तोंड घासून धुतलेलं होतं, पण कानामागे काजळी तशीच होती. टॅमसिननं हातातल्या फडक्यानं ती पुसली आणि काळं झालेलं फडकं त्याच्यापुढे धरलं.

"माझ्या भावाला?" तिनं एवढंच विचारलं.

"अंधार होता गं. कोण कोण आहे, दिसलं नाही मला."

"मी सांगणार होतो, दाजी," लेम्युएल पालथ्यानंच म्हणाला. "या घरात काही नाही, हेच सांगणार होतो."

चालता येऊ लागल्यावर तो निघून गेला. गावात मात्र जल्लोष झाला. गिरण्या तपासायला पुन्हा कुणी धजावलं नाही. पुढे बॉस्टनकडे राजाविरुद्ध बंदुका कडाडल्या आणि जोथम खांद्यावर बंदूक टाकून लढाईला गेला. लेम्युएल राजाच्या माणसांबरोबर जहाजात बसून उत्तरेला राजाच्याच मुलखात गेला, इतकंच कुणाकडून तरी कळलं. लढाई संपली, राजा हरला, जोथम लंगडत घरी आला.

एके दिवशी त्यानं मला उलटं केलं आणि खुंटीवरचा रंधा काढला. "आता कशाला हवा तो राजाचा पाय?" तो म्हणाला.

टॅमसिननं माझ्यावर हात आडवा ठेवला. "राजाचा असेल तुमच्यासाठी. माझ्या भावाच्या हातचं या घरात एवढंच उरलंय."

जोथमनं रंधा खाली ठेवला. त्या वाकड्या पायावरून त्यानं एकदा बोट फिरवलं. मग त्यानं मला सुलटं केलं.

आता टॅमसिन म्हातारी झाली आहे. पाहुणे अजूनही टेबलाखाली हात घालतात आणि हसतात. दर शनिवारी ताटं उचलली की तीही हात घालते. ती हसत नाही. मित्रांनो, वरचे डाग खुशाल घासा, पण माझ्या खालच्या बाजूला रंधा लावू नका. लेम्युएल कधी परत आलाच, तर म्हातारपणी डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांनी त्याला ताईचं घर ओळखता यायला हवं.