शेवयांचा दगड

नथूआबानं आंदर मावळात तेवीस विहिरी खोदल्या, पण दगडाच्या बाबतीत मानलं ते फक्त बापाचं. बाप सांगून गेला होता, काळ्या पाषाणात पांढऱ्या शेवया दिसल्या की पहार ठेवायची आणि वर यायचं, कारण खाली कोरडं.

आणि बयाबाईच्या विहिरीत बेचाळिसाव्या फुटाला नेमक्या शेवयाच निघाल्या. दगडात उभ्या रुतलेल्या, बोटभर लांब. नथूआबाचं तोंड उतरलं. गुडघे शिडीला नको म्हणू लागले होते, म्हणून ही विहीर शेवटची असं त्यानं ठरवलं होतं. शिवाय चार माणसांत बयाबाईला शब्द दिलेला, यंदा तुला हंडा घेऊन नदीला जायला लागणार नाही. आता शब्द राखावा तर बापाला खोटं पाडायचं. त्यानं शेवयांचा एक तुकडा उपरण्यात बांधला, दगड वर ओढणारी यारी थांबवायला लावली आणि पहार घेऊन आंब्याखाली येऊन बसला.

तिथं बयाबाईबरोबर तिची नात प्रेरणा भाकऱ्या घेऊन आली होती. ती पुण्यात मंगळावरच्या दगडांचा अभ्यास करते. लहानपणी एकटीनं ओढ्यापर्यंत न जाणारी पोर मंगळावर निघाली, अशी गावात तिची चेष्टा चालायची. नथूआबानं तुकडा तिच्यापुढं ठेवला आणि तुझ्या मंगळावर हे असतं का, म्हणून विचारलं.

काळा दगड तिथंही असाच आहे, ती म्हणाली, आणि मग पोरीनं पार मुळापासून सुरुवात केली. सूर्याभोवती धूळ नि दगड फिरत होते, ते एकमेकांवर आदळत, चिकटत मोठे गोळे झाले. त्यातलाच एक गोळा आपली पृथ्वी. आदळून आदळून ती इतकी तापली की वितळली. जड लोखंड बुडून पोटात जाऊन बसलं, हलका दगड वर आला आणि त्याची साय धरली.

"मंजी ही पहार म्हायेरला निगालीया म्हनायची," नथूआबा म्हणाला. बयाबाईला हसू आवरेना.

त्यानंतर फार काळानं, प्रेरणा सांगत राहिली, इथली जमीन फाटून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, तिसरा थर. आपले डोंगर म्हणजे तेच थर. प्रत्येक थराच्या माथ्याला वाफेनं घावनासारखी जाळी पडते आणि पाणी बहुतेक तिथंच मुरतं. बोलता बोलता तिनं तुकडा उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला.

"आबा, या शेवया म्हणजे वर चढताना अडकलेले बुडबुडे. त्या थराच्या बुडाला असतात. हा थर संपत आलाय. खाली जुन्या थराचा माथा लागेल. पाणी असेलच असं मी लिहून देणार नाही, पण ही थांबायची जागा नाही."

नथूआबाला हे रुचलं नाही. पण घास चावता चावता त्याच्या मनात आलं की शेवया दिसल्यावर बाप जर वर येत होता, तर खाली कोरडं हे त्याला कळलं कसं? बापानं बघितलंच नव्हतं. आणि चाळीस वर्षं आपणही नाही. बापाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. भाकरी अर्धी टाकून तो खाली उतरला.

तिसऱ्या दिवशी पहारेचा आवाज बदलला. तांबड्या मातीचा पट्टा लागला, त्याखाली जाळीचा दगड, आणि बघता बघता पाणी घोट्याला आलं. नथूआबानं ओंजळभर पिऊन बघितलं. गोड होतं. बयाबाईनं नारळ फोडला, सगळ्यांना शिरा वाढला. नथूआबा पोटभर जेवला, मनापासून खूश होता. पण शेवटच्या घासाला त्याला एक जुना खड्डा आठवला.

बारा वर्षांपूर्वी अंबाजीच्या विहिरीत शेवया लागल्यावर तो असाच वर आला होता. अंबाजीनं त्या खड्ड्यात काटेकुटे टाकले आणि त्याच्या बायकोच्या, येसूबाईच्या डोक्यावरचा हंडा तसाच राहिला. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? नथूआबा हात धुऊन ओल्या धोतरानंच निघाला.

येसूबाई नुकतीच नदीवरून येऊन हंडा उतरवत होती.

"येसू, तुज्या हिरीत मी पान्याच्या डोस्क्यावर हुबा हुतो आन् वर आलो. चूक माजी हाय. पानी लागंलच असं न्हाई, पर उद्या काटं काढून उतरतो."

येसूबाईनं पदरानं तोंड पुसलं, हंड्यातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"मग हे नदीचं पिऊन घ्या, आबा. फुडं आमच्यात मिळायचं न्हाई."