जिथवर भात वाळतंय

खळं ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. कुडाळकडच्या आसावरी परबला तर नाहीच नाही. अमेरिकेत, हर्नडनच्या ऑफिसात कॉफीचा मग हातात धरून तिनं स्क्रीनवरचा उपग्रहाचा फोटो मोठा केला आणि तिचं डोकंच सटकलं.

"रिकामी जमीन म्हणे! कुणाच्या डोळ्यांनी बघितली रिकामी?"

शेजारच्या डेस्कवरच्या पोराला मराठी येत नव्हतं, ते बरं झालं.

फोटो होता बोर्निओ बेटावरचा. चहूकडे तेलाच्या पामची लागवड, हिरव्या ठिपक्यांच्या रांगाच रांगा, आणि मधोमध नदीच्या वळणापाशी जरा विस्कटलेलं हिरवं. कॉम्प्युटरनं त्या सगळ्यावर एकच शिक्का मारला होता: पाम, वस्ती नाही. आसावरीचं काम एवढंच, की असले शिक्के नजरेखालून घालायचे आणि ओके म्हणायचं. पण त्या विस्कटलेल्या हिरव्यात तिला मातकट, स्वच्छ तुकडे दिसले. एका ओळीत, सगळ्यांची तोंडं नदीकडे. कॉम्प्युटरच्या मते ती पामच्या मधली नुसती उघडी माती. अहो, उघडी माती अशी झाडून-लोटून ओळीनं बसते होय? खळी होती ती, घरापुढची. आणि घरं का दिसत नव्हती? कारण ती झावळ्यांनी शाकारलेली. वरून बघणाऱ्याला छप्पर काय नि झाड काय, सगळं सारखंच.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. तो शिक्का कायम झाला की त्यांची क्लायंट असलेली एक बँक तिथल्या तेल कंपनीला कर्ज देणार होती, आणि कंपनी नदीपर्यंत सगळं सपाट करून पाम लावणार होती. गाव आहे असं नकाशात आलं, तर त्याच्या हद्दीतल्या जमिनीपुरतं कर्ज अडणार. म्हणजे सातासमुद्रापलीकडचं एक गाव जगायचं की नाही, हे आसावरीच्या माऊसवर येऊन ठेपलं होतं.

ती तडक प्रतापकडे गेली. प्रताप टीमचा मॅनेजर, मूळचा नागपूरचा, तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याच्या घरच्या गणपतीला आसावरी हक्कानं मोदक वळायला जायची, आणि पद्मिनीवहिनी तिला डबा भरून दिल्याशिवाय सोडत नसत. माणूस वाईट नव्हता. पण तिच्या ग्रीन कार्डच्या फाइलवर सही त्याचीच लागणार होती, आणि दोघंही ते विसरत नव्हते.

"प्रतापदादा, तिथं गाव आहे."

"कशावरून?"

"खळी आहेत."

"अरे बाप्पा! क्लायंटला काय लिहू, आमच्या आसावरीला खळी दिसली?" त्यानं चष्मा काढला. "हे बघ, तिथल्या एका शाळेतल्या बाईंचा मेल आलाय. मार्टा नाव. लोंग मेराई नावाचं गाव आहे म्हणते, व्हिडिओपण पाठवलाय. पण आपण व्हिडिओ घेत नाही, फक्त इमेज. आणि तिथल्या लोकांशी बोलायचं नाही, कॉन्ट्रॅक्टमध्येच आहे. गुरुवारी सकाळी उपग्रह पुन्हा जाईल, फ्रेश इमेज येईल. तीत वस्ती दिसली तर मार्क कर. नाहीतर ओके कर अन् मोकळी हो. काहून जीव जाळतेस, यार?"

बोलू नको म्हटल्यावर ती बोलणार, हे त्याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

संध्याकाळी तिनं घरून, मेलखालच्या नंबरावर, मार्टाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मार्टा तुटक इंग्रजी बोलायची, पण बोलायची खणखणीत. फोन हातात धरून तिनं अख्खं गाव फिरवून आणलं: खांबांवर उभी घरं, खाली डुकरं नि कोंबड्या, शाळा, पणजोबांनी लावलेली ड्युरियनची, फणसासारख्या काटेरी फळांची झाडं, टेकावर सगळ्यांची थडगी. मग गावाची मागची बाजू. तिथं यांचं डोंगरउतारावरचं भात व्हायचं. आता तिथं कंपनीनं परस्पर पामची रोपं लावली होती, आणि त्यांतून एक तांबडा रस्ता थेट शाळेच्या दिशेनं निघाला होता.

"तुम्ही आम्हाला झाड म्हणालात," मार्टा म्हणाली.

आसावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐका," ती म्हणाली, "गुरुवारी सकाळी छपरांवर निळ्या ताडपत्र्या घाला. प्रत्येक घरावर. उपग्रह कधी जातो ते इंटरनेटवर कुणालाही दिसतं, ही काही चोरी नाही. निळं दिसलं की कुणाचा बाप नाही म्हणणार नाही."

मार्टानं ते आपल्या आईला सांगितलं. म्हातारी खळ्यात भात पाखडत बसली होती. सूप न थांबवता तिनं जे काही सुनावलं, त्याला आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या.

"आई म्हणते, ताडपत्री कंपनीच्या दुकानात मिळते. पत्राही तिथंच. कंपनीचा माणूस दरवर्षी ते खपवायला येतो नि सांगतो, पत्रे घाला म्हणजे नकाशात याल. तिचं छप्पर चांगलं आहे, थंड आहे. वरच्या वर जाणाऱ्या पाहुण्यासाठी ती घर सजवत बसणार नाही."

"अहो, मग करणार काय?"

"कापणी झालीय. भात वाळत घालायचंय. तेच करू."

"कॉम्प्युटरला ते मातीसारखंच दिसेल हो!"

"मग त्याला नका दाखवू," मार्टा म्हणाली. "तुम्ही बघा."

फोन ठेवला आणि आसावरीनं कपाळावर हात मारून घेतला. काय हट्टी माणसं! इथं ती स्वतःची नोकरी पणाला लावतेय, व्हिसा पणाला लावतेय, आणि यांना चार ताडपत्र्या जड झाल्या! रात्रीचं जेवणसुद्धा तिला गेलं नाही. रागानं, आणि भीतीनंही, खरं सांगायचं तर.

नवी इमेज आली तेव्हा ती उघडायलाही तिचा हात धजेना. उघडली. आणि ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

खळी भाताच्या चटयांनी भरलेली होती, पण चटया खळ्यांत थांबल्याच नव्हत्या. त्या शाळेच्या मैदानात गेल्या होत्या. टेकावरच्या थडग्यांच्या मधून चढल्या होत्या. कंपनीच्या रोपांमधून, ओळी ओलांडून, त्यांच्या जुन्या शेतात पसरल्या होत्या. आणि मग तांबड्या रस्त्यावर, एकीला एक लावून, सोनेरी पट्टाच्या पट्टा. एका सुगीचं भात एवढं कुठलं? गेल्या सालचं कोठारातलंही बाहेर काढलं असणार. अख्ख्या गावानं आपलं सगळं अन्न उन्हात मांडलं होतं.

आसावरी आधी हसली. मग तिला रडू आलं, आणि तिनं ते आवरलंही नाही.

कॉम्प्युटरनं त्या सगळ्यावर पुन्हा शिक्का मारला होता: उघडी माती, वस्ती नाही. "घाल चुलीत," असं म्हणून तिनं तो पुसून टाकला आणि गावाची हद्द हातानं काढायला घेतली. नदी, घरं, शाळा, थडगी, शेत. रस्त्याशी येते न येते तोच मागून प्रतापचा आवाज आला.

"हे काय चाललंय?"

"गाव मार्क करतेय."

तो वाकून बघत राहिला. मग खाली बसत म्हणाला, "ठीक आहे. खळ्यांपर्यंत काढ, घरं मान्य. मी सांभाळतो क्लायंटला. पण शेत अन् रस्ता सोड. कंपनीचा रस्ता आहे तो."

"त्यावर भात कुणाचं आहे?"

"आसावरी, तुला अर्धं गाव मिळतंय. घे की!"

"अर्धं गाव म्हणजे काय हो? घरं ठेवायची आणि खायचं काय?" तिचा आवाज चढला, आजूबाजूच्या माना वळल्या. "दादा, परक्याच्या जागेत कुणी वर्षाचं अन्न उघड्यावर मांडतं का?"

"तुझी फाइल माझ्या टेबलावर आहे," प्रताप हळूच म्हणाला. धमकी नव्हती ती. तो खरंच घाबरला होता, तिच्यासाठी आणि स्वतःसाठीही.

"असू दे. नाही जमली सही तर नका करू. जाईन मी कुडाळला, तिथं काय मला कुणी उपाशी ठेवणार नाही." तिनं फोटो आणखी मोठा केला. "हे बघा आधी."

तांबड्या रस्त्यावर, शेवटच्या चटईपुढं, तीन पिवळी यंत्रं एकामागे एक उभी होती. बुलडोझर. पुढच्याचं पातं चटईला जवळजवळ टेकलेलं.

"थांबलेत ते," आसावरी म्हणाली. "त्यांना कुणी इमेज दाखवली नव्हती. कंपनीचा पगार खाणारे ड्रायव्हर, पण त्यांना गाव दिसलं, दादा. आणि आपल्याला दिसत नाही?"

प्रतापनं चष्मा वर सारून ते पातं नीट बघितलं. तिला अडवलं नाही.

आसावरीनं हद्दीची रेघ रस्त्यावरून पुढं नेली, पार त्या पात्यापर्यंत. आत गावाचं नाव टाइप केलं, लोंग मेराई, आणि त्याच्या देखत पाठवून दिलं.